संगीतसूर्यांचं नाट्यगृह : ‘पूर्ववत’ म्हणजे नेमकं काय?

८ ऑगस्ट २०२४च्या रात्री कोल्हापूरचं संगीतसूर्य केशवराव भोसले नाट्यगृह जळालं. दुसऱ्याच दिवशी संगीत रंगभूमीचे गायक-नट केशवरावांची जयंती होती. रंगमंच, छत, पडदे गेले. लागून असलेल्या खासबाग कुस्ती मैदानाकडचं व्यासपीठही आगीत सापडलं. दगडी भिंतींचा मोठा भाग मात्र उभा राहिला. तेव्हापासून सगळ्यांची मागणी एकच : वास्तू ‘पूर्ववत’ व्हावी. आता हे ‘पूर्व’ कुठलं, ते ठरवायचं तर शंभर वर्षं मागं जावं लागतं.

शाहू महाराज १९०२ मध्ये सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकासाठी विलायतेला गेले. त्या दौऱ्यात त्यांनी रोमचं कलोसियम पाहिलं, आणि त्यातूनच खासबागेची कल्पना सुचली असं कोल्हापुरात सांगतात. १९१२ मध्ये कुस्तीचं मैदान झालं. लगेच १९१३ ते १९१५ या काळात त्याला लागूनच नाट्यगृह उभं राहिलं. तेच पॅलेस थिएटर. एका अंगाला लाल मातीचा हौदा, दुसऱ्या अंगाला नाटकाचा पडदा. ही जोडी फार महत्त्वाची आहे. नाट्यगृहाचा विचार मैदान वगळून केला, तर महाराजांनी काय योजलं होतं तेच हरवतं.

त्या वेळचं कोल्हापूरही तसंच भरलेलं होतं. अल्लादिया खाँसाहेब दरबारी गायक होते. बाबूराव पेंटर नाटक मंडळ्यांचे पडदे रंगवत होते. त्याच हातांनी पुढं महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी केली आणि १९२० मध्ये ‘सैरंध्री’ हा मूकपट केला. केशवराव कोल्हापूरचेच. १९०८ मध्ये, वयाच्या अठराव्या वर्षात त्यांनी हुबळीला ललितकलादर्श मंडळी काढली. ८ जुलै १९२१ रोजी टिळक स्वराज्य फंडासाठी मुंबईत ‘संयुक्त मानापमान’ झाला, म्हणजे ‘मानापमान’ हे संगीत नाटक दोन मंडळ्यांनी मिळून केलं, तेव्हा नायक धैर्यधर केशवराव होते आणि नायिका भामिनी बालगंधर्व. त्यानंतर तीन महिन्यांतच, ४ ऑक्टोबरला केशवराव गेले. वय अवघं एकतीस. स्वातंत्र्यानंतर पॅलेस थिएटरला त्यांचं नाव दिलं गेलं.

हे नाट्यगृह ध्वनिक्षेपक नसलेल्या काळात बांधलेलं आहे. नटाचा आवाज गळ्यातून निघून थेट शेवटच्या रांगेत पोचला पाहिजे, हीच त्याची पहिली कसोटी होती. प्रेक्षागृहात मधे खांब नाहीत, त्यामुळं नजर आणि आवाज दोन्ही अडत नाहीत. म्हणून ‘पूर्ववत’मध्ये सर्वांत आधी येतं ते छत. त्याची उंची आणि उतार बदलला की आतल्या हवेचं आकारमान बदलतं आणि घुमारा, म्हणजे आवाज थांबल्यावर रेंगाळणारा नाद, तोही बदलतो. संवादांना साधारण १ सेकंदाचा घुमारा पुरतो. गाण्याला दीडच्या आसपास लागतो. वातानुकूलनाच्या नळ्या झाकायला खोटं छत खाली घेतलं, शिवाय जाड गादीच्या खुर्च्या आणि गालिचा घातला, की गाणं कोरडं पडतं. मग माईक लागतो, आणि नाट्यपदाची मजा जाते.

भिंतींचं काम सावकाशीचं आहे. तापलेल्या दगडावर गार पाणी पडलं की पापुद्रे सुटतात, आत न दिसणाऱ्या चिरा पडतात. हातोडीनं हळू टोकून पाहावं : खणखणीत वाजला तर दगड शाबूत, बद्द आवाज आला तर बदलायचा. काढण्याआधी प्रत्येक दगडावर क्रमांक घालावा, फोटो आणि नकाशा करावा. नाहीतर घडीव दगड आपल्या जागी परत बसत नाही. जुनं बांधकाम चुन्यात असेल तर दगडांमधले सांधेही चुन्यानंच भरावेत : १ भाग मुरवलेला चुना, ३ भाग धुतलेली वाळू, आणि वरून ओलं गोणपाट दोन-तीन आठवडे. घाईत सिमेंट भरलं तर भिंतीतला ओलावा सांध्यातून बाहेर पडत नाही, दगडातून वाट काढतो आणि दगडच झडतो. वाचलेलं सागवान तर सरसकट भंगारात देऊच नये. कोळसा खरवडून आतलं घट्ट लाकूड मोजावं. धोका असतो तो लोखंडी बोल्टांच्या सांध्यांत, कारण लोखंड उष्णता लाकडाच्या पोटात नेतं.

एक गोष्ट मात्र मुळीच पूर्ववत करू नये : आगीपुढची असहायता. लाकडी मंच, वर टांगलेले पडदे आणि तापणारे दिवे एकत्र आले की ज्वाळा सरळ आढ्याला जाते. रंगमंच आणि प्रेक्षागृह यांच्यामध्ये अग्निरोधक पडदा हवा, मंचाच्या माथ्यावर धूर बाहेर सोडणारी झडप हवी, दिव्यांची आणि वातानुकूलनाची वायरिंग वेगवेगळी हवी. हे सगळं जुन्या रूपाला धक्का न लावता बसतं. फक्त छताच्या आराखड्यातच त्याची जागा धरावी लागते.

आणि खुर्च्या जमिनीत पक्क्या करण्याआधी, नव्या छताखाली कुणाकडून तरी ‘मानापमान’मधलं एक पद माईकशिवाय म्हणवून घ्यावं आणि शेवटच्या रांगेत बसून ऐकावं. रिकामं सभागृह भरलेल्यापेक्षा जास्त घुमतं, तेव्हा निम्म्या जागांवर तरी माणसं बसवावीत. भिंतींचे आणि छताचे पृष्ठभाग त्या टप्प्यावर बदलता येतात, उद्घाटनानंतर नाही.