कन्व्हर्टर घेण्याआधी वाचा: जुना व्हिडिओ गेम, नवा टीव्ही

मे महिन्याची सुट्टी लागली की आणि दिवाळीची साफसफाई झाली की आमच्या ठाण्यात नौपाड्यातल्या दुकानात एकच तक्रार येते. माळ्यावरून व्हिडिओ गेम काढला, पुसला, हॉलमधल्या एलईडी टीव्हीला लावला आणि टीव्हीवर ‘नो सिग्नल’. गेम बिघडला असं घरीच ठरवून मंडळी येतात. आम्ही तो काउंटरवरच्या जुन्या डबा टीव्हीला लावतो आणि मारिओ पहिल्या फटक्यात उड्या मारायला लागतो. बहुतेक वेळा गेम ठणठणीत असतो, गडबड मधल्या जोडणीत असते. हे पत्रक आधी वाचलंत तर तुमची एक फेरी वाचेल आणि आमची शनिवारची संध्याकाळ.

गेमच्या वायरची पिवळी पिन चित्राची, पांढरी आणि लाल आवाजाची, हे तुम्हाला माहीत आहेच. समुराई, मायक्रो जीनियस किंवा अंगावर नुसतं ‘९९९९९९९ इन वन’ लिहिलेला बिननावाचा गेम असेल तर आवाजाची एकच पिन निघते, ती पांढऱ्या भोकात घाला. प्लेस्टेशन १ आणि २ ला तीनही पिना असतात. तिसऱ्या प्लेस्टेशनची तीन पिनांची वायर या दोघांनाही चालते, त्यामुळे वायर हरवली असेल तर आधी घरातला खोका उलटा करून बघा, मग आमच्याकडे या.

अडचण टीव्हीच्या बाजूने येते. नव्या टीव्हीला पिवळं भोक बऱ्याचदा नसतंच. काहींत हिरवं भोक असतं आणि त्याच्या खाली बारीक अक्षरात ‘व्हिडिओ’ असंही लिहिलेलं असतं. तिथे पिवळी पिन हिरव्या भोकात घालायची आणि सोर्समध्ये ‘एव्ही’ निवडायचं. काहींत हेडफोनसारखं एकच बारीक भोक असतं, त्यावर ‘एव्ही इन’ लिहिलेलं असतं. त्यासाठीची छोटी वायर टीव्हीच्या खोक्यात आलेली असते. खोकं सोसायटीच्या भंगारवाल्याला गेलं की वायरही जाते. बाजारात मिळणारी दुसरी वायर दिसायला तशीच असते, पण तिच्या पिनेवरच्या कड्यांचा क्रम वेगळा असू शकतो. मग चित्र लोळतं किंवा स्पीकरमधून नुसता घूं आवाज येतो. अशा वेळी पिवळी पिन काढून लाल किंवा पांढऱ्या टोकाला जोडून बघा, कधीकधी तेवढ्यानेच काम होतं. नाही झालं तर वायरच बदलावी लागेल.

आता मुख्य गोष्ट. टीव्हीला एचडीएमआयशिवाय (म्हणजे नव्या टीव्हीच्या चपट्या भोकाशिवाय) काहीच नसेल तर मध्ये कन्व्हर्टर लागतो, आणि इथेच दहातले सात जण चुकीची वस्तू घेऊन येतात.

कन्व्हर्टर दोन प्रकारचे मिळतात. एक ‘एव्ही टू एचडीएमआय’, दुसरा ‘एचडीएमआय टू एव्ही’. आकार तोच, किंमत साधारण तीच, दोन्हींत एका बाजूला तीन रंगीत भोकं आणि दुसऱ्या बाजूला एचडीएमआय. ऑनलाइन यादीत दोन्ही शेजारी शेजारी दिसतात आणि फोटोवरून फरक कळत नाही. पण कन्व्हर्टर वन-वे असतो. जुना सेट टॉप बॉक्स सोडून नवा घेतला आणि टीव्ही मात्र डबाच राहिला, अशा घरांसाठी एचडीएमआय टू एव्ही. तुमचं नेमकं उलट आहे: गेम जुना, टीव्ही नवा. तुम्हाला एव्ही टू एचडीएमआय हवा. उलटा कन्व्हर्टर लावून वायरी कितीही अदलाबदल केल्या तरी काही होणार नाही.

फसवणूक होते ती त्या लाल दिव्यामुळे. उलट्या कन्व्हर्टरलाही चार्जर जोडला की दिवा लागतो, म्हणून माणूस तो बरोबर चालतोय असं समजतो आणि गेमवर शंका घेतो. घोडबंदर रोडवरून एक गृहस्थ दोन कन्व्हर्टर घेऊन आले होते. पहिला खराब निघाला म्हणून दुसऱ्या कंपनीचा मागवला होता. दोन्ही उलटे होते, दोन्ही अगदी चांगल्या स्थितीत.

हातात घेतल्यावर ओळखायची खूण सांगतो. तीन रंगीत भोकांच्या बाजूला ‘इनपुट’ लिहिलेलं हवं आणि एचडीएमआयच्या बाजूला ‘आउटपुट’. अक्षरं पुसली असतील तर कडेचा छोटा खटका बघा. खटक्यावर ‘७२०’ आणि ‘१०८०’ असेल तर तो तुमच्या कामाचा. ‘पाल’ आणि ‘एनटीएससी’ असेल तर तो बहुधा उलटा. हे दोन मिनिटांत बघून होतं, आणि परत पाठवण्याची मुदत संपायच्या आत बघावं.

याहून स्वस्तात एक तिसरी वस्तू मिळते: एका टोकाला एचडीएमआयची पिन, दुसऱ्या टोकाला तीन रंगीत पिना, मध्ये डबी वगैरे काही नाही, नुसती वायर. जुन्या गेमचा सिग्नल ॲनालॉग, एचडीएमआय डिजिटल. मध्ये चिप नसेल तर एकाचं दुसरं कोण करणार? ही वायर घेऊ नका. आमच्याकडे ती ठेवतच नाही, मागितली तरी.

कन्व्हर्टर बरोबर असूनही चित्र येत नसेल तर टीव्ही काय दाखवतो ते बघा. ‘नो सिग्नल’ असेल तर कन्व्हर्टर आणि टीव्ही यांच्यात गडबड: चार्जर, एचडीएमआय वायर किंवा चुकीचा सोर्स. नुसता निळा किंवा काळा पडदा असेल आणि ‘नो सिग्नल’ लिहिलेलं नसेल, तर कन्व्हर्टर टीव्हीपर्यंत पोचलाय आणि गेमकडून काही येत नाही. मग पिवळी पिन, कॅसेट आणि गेमचा ॲडॅप्टर तपासा. कन्व्हर्टरला पाच व्होल्टचा साधा मोबाइल चार्जर द्या. टीव्हीच्या यूएसबीवर चालतो बऱ्याचदा, पण चित्र मध्येच जायला लागलं तर पहिला संशय तिथेच घ्यावा.

आमचा कन्व्हर्टर ऑनलाइनपेक्षा महाग का, हे रोज विचारलं जातं. कारण असं: जुने गेम २४० ओळींचं चित्र देतात आणि तेही टीव्ही प्रसारणासारखं एकाआड एक ओळ न पाठवता. बऱ्याच स्वस्त कन्व्हर्टरना हा सिग्नल नीट समजत नाही. मग हलणाऱ्या गोष्टींच्या कडेला कंगव्यासारखे दाते दिसतात किंवा चित्र दर थोड्या वेळाने उडतं. आम्ही जो माल ठेवतो तो आधी खऱ्या गेमवर, खऱ्या कॅसेटने चालवून बघतो आणि जो टिकतो तोच विकतो. ज्यांना स्वस्तच हवा त्यांनी जरूर बाहेरून घ्यावा, फक्त दिशा बघून.

चित्राकडून अपेक्षाही बेताची ठेवा. आठ बिटचा गेम २५६ गुणिले २४० ठिपक्यांचा आहे. तो पंचावन्न इंची पडद्यावर ताणला की धूसर दिसणारच, तो बिघाड नाही. टीव्हीच्या रिमोटवरून चित्राचं माप ४:३ करा, म्हणजे मारिओ आडवा सुटणार नाही. बटण दाबल्यावर उडी उशिरा लागत असेल तर टीव्हीत ‘गेम मोड’ शोधून चालू करा. टीव्ही चित्र सुधारण्यात जो वेळ घालवतो तो त्याने वाचतो. टीव्हीला थेट एव्ही भोक असेल तर कन्व्हर्टरच्या आधी तेच वापरून बघा, हे आम्ही आमचा माल न खपवता सांगतो आहोत. प्लेस्टेशन २ असेल आणि टीव्हीला हिरवं, निळं, लाल अशी तिन्ही भोकं असतील तर कंपोनंट वायर घ्या, फरक डोळ्याला दिसतो. आधी साध्या वायरवर असतानाच गेमच्या सेटिंगमध्ये कंपोनंट निवडा, नाहीतर रंग भलतेच येतात.

बदकं मारायच्या बंदुकीबद्दल विचारू नका, म्हणजे विचारा, पण उत्तर नाहीच आहे. ती बंदूक पिक्चर ट्यूबवर ओळीने रंगवलेल्या प्रकाशावर चालते. एलईडी टीव्हीवर तो प्रकाश तसा नसतो आणि वेळही जुळत नाही. कुठलाही कन्व्हर्टर हे दुरुस्त करत नाही. बंदुकीचाच हट्ट असेल तर आमच्याकडे दुरुस्त केलेले चौदा आणि एकवीस इंची डबा टीव्ही असतात. तुमचा चालू टीव्ही भंगारात द्यायच्या आधी आम्हाला फोन करा, चांगला भाव देऊ.

फक्त एरियलची वायर असलेल्या जुन्या गेमचं वेगळं आहे. १९८३ चा निन्टेंडोचा मूळ जपानी गेम, फॅमिकॉम, असाच, आणि तोही जपानच्या चॅनेल एक किंवा दोनवर लागणारा. आपल्या टीव्हीने चित्र पकडलं तरी आवाज येत नाही, कारण प्रसारणात चित्र आणि आवाज यांच्यातलं अंतर तिकडे ४.५ मेगाहर्ट्झ आणि आपल्याकडे ५.५. अशा गेमला आम्ही आतून एव्ही पिन काढून देतो. डब्याला भोक पाडायचं की जुन्याच भोकातून वायर काढायची, हे काम हाती घेण्याआधी तुम्हाला विचारतो.

परदेशातून आलेला गेम असेल तर एक विनंती: त्याचा ॲडॅप्टर आपल्या सॉकेटमध्ये घालू नका. जपानचा ॲडॅप्टर १०० व्होल्टचा, अमेरिकेचा १२० चा, आपली वीज २३०. आतलं कॉइल जळतं, कधी गेमही घेऊन जातं. ‘पिन बसते’ म्हणून दुसऱ्याचा ॲडॅप्टरही लावू नका. सेगाच्या मेगा ड्राइव्हच्या पहिल्या आणि दुसऱ्या मॉडेलमध्ये पिनेचं प्लस-मायनस एकमेकांच्या उलटं आहे. योग्य ॲडॅप्टर आम्ही मोजून देतो. आणि कॅसेटमध्ये फुंकर मारणं थांबवा. तोंडातल्या ओलाव्याने आतल्या धातूच्या पट्ट्या काळ्या पडतात. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि कानात घालायची काडी पुरते.

तपासणीचे दीडशे रुपये घेतो, त्यावर थोडी कुरकुर होते. गेम डबा टीव्हीवर आणि एलईडीवर दोन्हीकडे लावून, ॲडॅप्टरचा व्होल्टेज मोजून, गेमच्या दोन्ही रिमोटची सगळी बटणं दाबून बघायला अर्धा तास जातो. पुढे दुरुस्ती केली किंवा कन्व्हर्टर घेतला तर हे पैसे बिलातून वजा होतात. बाहेरून आणलेला उलटा कन्व्हर्टर ओळखून देण्याचे मात्र पैसे घेत नाही, तो काउंटरवर दाखवा आणि जा.

येताना गेम, त्याचा ॲडॅप्टर, सापडतील त्या सगळ्या वायरी, दोन्ही रिमोट आणि चालत होती अशी एक तरी कॅसेट आणा. टीव्हीच्या मागच्या आणि बाजूच्या भोकांचा मोबाइलवर फोटो काढून आणा, ‘सॅमसंगचा आहे, मोठा’ एवढ्यावरून आम्हाला काही सांगता येत नाही. फर्निचरवाल्याने टीव्ही भिंतीला असा चिकटवला असेल की मागे बोट जात नाही, तर कडेने आत वळणारी एचडीएमआय पिन आणि लांब वायर मिळते, त्यासाठी टीव्ही उतरवायला लागत नाही. घरी येऊन जोडून हवं असेल तर नौपाडा, पाचपाखाडी, वर्तकनगर आणि घोडबंदर रोडला रविवारी सकाळी येतो, वेळ आधी ठरवून घ्या. दुकानात शक्यतो मंगळवार ते शुक्रवार दुपारी या, तेव्हा तुमच्यासमोरच लावून दाखवायला वेळ असतो.