हलका लझानिया आणि भाज्यांना सुटणारं पाणी

'लझानिया हलका करायचाय? मग पास्त्याच्या पट्ट्या काढा आणि वांग्याचे काप घाला.' लझानिया म्हणजे पास्त्याच्या रुंद पट्ट्या, सॉस, भाज्या आणि चीज यांचे थर रचून ओव्हनमध्ये भाजलेला इटालियन पदार्थ. त्याबद्दलचा हा सल्ला इतक्यांदा कानावर पडतो की तो खराच असणार असं वाटू लागतं. जरा हिशेब मांडू. 200 ग्रॅम कोरड्या पट्ट्यांत साधारण 700 किलोकॅलरी असतात. वांग्याच्या गरात पेशींच्या मधे हवेच्या असंख्य पोकळ्या असतात आणि काप तळताना त्यांत तेल शिरतं. एका मोठ्या चमचाभर तेलात जवळपास 120 किलोकॅलरी असतात. असे सहा चमचे वांग्यात कधी मुरले ते कळतही नाही. म्हणजे पट्ट्या गेल्या आणि तेवढीच ऊर्जा तेलाच्या रूपाने परत आली! वर 'शून्य कार्ब' म्हणून मिरवायला मोकळे. 'डिटॉक्स' हे बिरुद तर कशालाही चिकटवतात. शरीरातली टाकाऊ द्रव्यं बाहेर काढायला यकृत आणि मूत्रपिंडं समर्थ आहेत, त्यांना भाजीच्या थरांची मदत लागत नाही.

एक ग्रॅम स्निग्ध पदार्थात 9 किलोकॅलरी, तर एक ग्रॅम पिष्टमय पदार्थात किंवा प्रथिनात 4. तेव्हा चीज, लोणी, तेल कमी करायचं आणि भाज्या वाढवायच्या, उत्तर एवढंच आहे. पण तसं केलं की सुरी लागताच थर घसरतात आणि ताटात पाण्याचं तळं होतं. मग पुढच्या वेळी थर धरून ठेवायला चीज वाढवलं जातं आणि हलकेपणा तिथेच संपतो. हलक्या लझानियाचं खरं भांडण आहे ते पाण्याशी.

झुकिनीत (काकडीसारखी दिसणारी, भोपळ्याच्या जातीची भाजी) सुमारे 95 टक्के पाणी असतं. वांगी, मशरूम, पालक थोडेच मागे, 91-92 टक्क्यांवर. अर्धा किलो झुकिनी घेतली तर तिच्यात 475 ग्रॅम पाणी आणि अवघा 25 ग्रॅम बाकीचा ऐवज. ती भाजून वजन निम्म्यावर, म्हणजे 250 ग्रॅमवर आणलं. आता तिच्यात पाणी किती टक्के? पटकन उत्तर देणारे पन्नासच्या आसपास काहीतरी सांगतात. पण 25 ग्रॅम ऐवज तसाच राहिला, म्हणजे पाणी 225 ग्रॅम, अजूनही 90 टक्के! एवढी आटवूनही भाजी कोरडी पडत नाही ती यामुळेच, आणि म्हणूनच आटवायला घाबरायचं कारण नाही.

हे पाणी भाजीत थांबतं कसं, हा माझ्या आवडीचा भाग. वनस्पतीच्या पेशीत एक मोठी रिक्तिका, म्हणजे द्रवाने भरलेली पिशवी असते आणि तिच्यात साखर, क्षार विरघळलेलं पाणी. ते प्रद्रव्यपटलाला (पेशीच्या पातळ आवरणाला) आतून रेटतं आणि पटल बाहेरच्या कडक पेशीभित्तिकेला. हा दाब गाडीच्या टायरमधल्या हवेइतका, कधी त्याहूनही जास्त असतो. ताजी झुकिनी कडकन मोडते ती या ताणामुळे. कापांवर मीठ भुरभुरलं की ते ओल्या पृष्ठभागावर विरघळतं. 100 ग्रॅम पाण्यात जवळपास 36 ग्रॅम मीठ मावतं, त्यामुळे तिथलं मिठवणी पेशीतल्या द्रवापेक्षा कितीतरी तीव्र असतं. पटल पाण्याला सहज वाट देतं, मिठाला देत नाही. मग परासरणाने पाणी बाहेर येतं, पटल भित्तिकेपासून सुटून आत आक्रसतं (शाळेत शिकलेला रससंकोच तो हाच) आणि काप लुळा पडतो. वांग्याच्या पोकळ्याही दबतात, त्यामुळे तेल कमी शिरतं. मिठाने वांग्याचा कडूपणा 'निघून जातो' असं म्हणतात, पण मीठ मुख्यतः आपल्या जिभेला कडू चव कमी जाणवू देतं.

परासरणाचा हा खेळ पटल शाबूत आहे तोवरच. तापमान 60 अंश सेल्सिअसच्या आसपास गेलं की पटलाची रचना विस्कटते. आता निवड वगैरे काही नाही, सरळ गळती. 85 अंशांच्या सुमारास भित्तिकांना एकत्र बांधणारं पेक्टिनही सैल होऊ लागतं. म्हणजे कच्च्या भाज्या तशाच रचल्या तर पाणी नेमकं थरांच्या पोटात सुटतं, जिथून वाफ होऊन निसटायला वाटच नाही.

शिवाय वाफ करणं महाग पडतं. एक किलो पाणी 20 वरून 100 अंशांवर न्यायला साधारण 335 किलोज्यूल लागतात. त्याच पाण्याची वाफ करायला आणखी 2260, जवळजवळ पावणेसातपट! म्हणून भाज्या आधीच, पसरट ट्रेमध्ये एकेरी थरात, कडक तापलेल्या ओव्हनमध्ये भाजाव्यात. ढीग केला तर त्या स्वतःच्याच वाफेत उकडतात आणि ओलावा असेपर्यंत तापमान 100 च्या वर सरकत नाही. खमंग तपकिरी रंग त्यानंतरचा.

उरलेल्या पाण्याचं काय? ते पट्ट्यांना पिऊ द्या. कोरडा पास्ता शिजताना आपल्या वजनाइतकं, कधी थोडं जास्तच पाणी घेतो. 200 ग्रॅम पट्ट्या न उकडता घातल्या तर वर उरलेल्या 225 ग्रॅम पाण्यातलं बरंचसं तिथेच जिरतं. पट्ट्या काढून टाकण्याचा सल्ला मला पटत नाही तो मुख्यतः यासाठी. फक्त त्यांना सगळीकडून सॉस लागलेला हवा आणि ट्रे झाकलेला हवा, नाहीतर कडा करकरीत राहतात.

व्हाइट सॉसमध्ये लोण्याचं मुख्य काम मैद्याचे कण सुटे ठेवायचं, म्हणजे गुठळ्या होत नाहीत. दाटपणा येतो तो स्टार्चचे कण गरम दुधात फुगून त्यांतलं अमायलोज (स्टार्चमधल्या लांब, सरळ साखळ्या) बाहेर आल्याने. मैदा थंड दुधात नीट कालवून, मग ढवळत उकळी आणली तरी सॉस दाटतो. अर्ध्या लिटरमागे 50 ग्रॅम लोणी, म्हणजे सुमारे 360 किलोकॅलरी, वाचतात. चव थोडी कमी पडते, ती जायफळाने भरून काढता येते. चीज मात्र फॅट-फ्री आणू नका, ते नीट वितळत नाही. पार्मेझान या मुरलेल्या इटालियन चीजमध्ये खमंग चव देणारं मुक्त ग्लुटामेट भरपूर असतं, मूठभराने काम होतं.

ओव्हनमधून काढल्यावर पंधरा मिनिटं सुरी लावू नका. सॉस थंडावताना अमायलोजच्या साखळ्या पुन्हा एकमेकींना धरतात आणि त्या जाळीत पाणी अडकतं. उरलेला लझानिया फ्रिजमध्ये चालतो. फ्रीझरमध्ये ठेवलात तर ही जाळी जास्तच आवळते आणि वितळताना पाणी पुन्हा सुटतं. तो परत गरम करताना आधी झाकण काढूनच ठेवा.