हतबलता शिकावी लागत नाही, उभारी शिकावी लागते

अपयशाने खचलेल्या माणसाला आपण पटकन सांगतो, ‘मन घट्ट कर, सकारात्मक विचार कर.’ सांगणाऱ्याची तळमळ खरी असते. तरीही हा सल्ला बहुतेक वेळा तोकडा पडतो, आणि त्याचं कारण मेंदूच्या रचनेत आहे.

या शोधाची सुरुवात १९६० च्या दशकात अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात झाली. मार्टिन सेलिगमन आणि स्टीव्हन मायर या दोन तरुण संशोधकांनी कुत्र्यांवर केलेला प्रयोग आज वाचतानाही अंगावर काटा येतो. एका गटातल्या कुत्र्यांना विजेचे झटके बसत. पण डोक्याजवळची पट्टी दाबली की झटका थांबे. दुसऱ्या गटालाही तेवढेच झटके, तेवढाच वेळ बसत. मात्र या कुत्र्यांनी काहीही केलं तरी ते थांबत नसत. पुढे सगळ्यांना अशा पेटीत ठेवलं, जिथे मधला बुटका अडसर ओलांडला की सुटका होती. पहिल्या गटाने उडी मारायला लगेच शिकून घेतलं. दुसऱ्या गटातली बहुतेक कुत्री जागेवरच पडून कण्हत राहिली. यातना दोन्ही गटांनी सारख्याच भोगल्या होत्या. आपण काही केल्याने परिस्थिती बदलते की नाही, एवढाच काय तो फरक होता.

‘काहीही करून उपयोग नाही’ हे ही कुत्री शिकली, असा निष्कर्ष संशोधकांनी काढला आणि ‘शिकलेली असहायता’ ही संकल्पना जगभर पोचली. पण मायर तिथेच थांबले नाहीत. पुढची अनेक वर्षं त्यांनी उंदरांच्या मेंदूचा अभ्यास केला आणि २०१६ मध्ये या दोघांनी मिळून आपलाच जुना सिद्धांत उलटा करून मांडला. विज्ञानात इतका प्रांजळपणा फार क्वचित दिसतो.

नवं चित्र असं. त्रास लांबत गेला की मेंदूच्या बुंध्यातला डॉर्सल राफे न्यूक्लियस हा पेशींचा पुंजका जोराने कामाला लागतो आणि मेंदूच्या इतर भागांत सेरोटोनिन हे संदेश पोचवणारं रसायन सोडतो. भीती वाढते, हालचाल मंदावते. ही प्रतिक्रिया उपजतच आहे. ती कोणी शिकवावी लागत नाही. शिकावी लागते ती दुसरी गोष्ट: ‘माझ्या कृतीने फरक पडतो.’ ही जाणीव कपाळामागच्या प्रीफ्रंटल कॉर्टेक्सच्या आतल्या भागात नोंदली जाते आणि तिथून निघालेला संदेश त्या पुंजक्याला शांत करतो. याचा पुरावा विलक्षण आहे. उंदीर समोरचं चाक फिरवून झटका थांबवू शकत होते, पण तेवढ्या वेळापुरता कॉर्टेक्सचा हा भाग औषधाने निकामी केला होता. हे उंदीर पुढे हतबल झालेल्या उंदरांसारखेच वागले. उलट, आधी एकदा नियंत्रणाचा अनुभव घेतलेले उंदीर पुढे खरोखर हाताबाहेरच्या त्रासातही तितके कोलमडले नाहीत.

म्हणूनच खचलेल्या माणसाला आळशी किंवा दुबळा म्हणणं मला अन्यायाचं वाटतं. त्याच्या मेंदूने मुळातलीच प्रतिक्रिया दिलेली असते. ती नुसत्या शब्दांनी मोडत नाही. त्या कुत्र्यांनाही संशोधकांनी हाका मारून पाहिलं, खाण्याचं आमिष दाखवून पाहिलं. काही उपयोग झाला नाही. शेवटी दोरीने ओढत पुन्हा पुन्हा पलीकडे नेलं, तेव्हा कुठे ती आपणहून उठू लागली. परीक्षेत नापास झालेल्याला ‘तू हुशार आहेस’ म्हणण्यापेक्षा एकच धडा सोबत बसून पुरा करून घेणं मोलाचं, ते यासाठी. काम लहान चालेल, पण त्याचा परिणाम त्याला स्वतःच्या डोळ्यांनी दिसला पाहिजे.

केवळ विचार बदलण्याने किती साधतं, हेही तपासलं गेलं आहे. बुद्धी प्रयत्नाने वाढू शकते, हे समजावणारं तासाभराहून कमी वेळाचं ऑनलाइन सत्र अमेरिकेतल्या सुमारे १२ हजार विद्यार्थ्यांवर आजमावलं गेलं. २०१९ मध्ये आलेल्या निष्कर्षांनुसार अभ्यासात मागे असलेल्यांचे गुण वाढले, पण थोडेसेच.

माणसांच्या बाबतीत मला सर्वांत बोलका वाटतो तो हवाईतल्या काउआई बेटावरचा अभ्यास. मानसशास्त्रज्ञ एमी वर्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथे १९५५ साली जन्मलेल्या ६९८ मुलांचा चाळिशीपर्यंत मागोवा घेतला. गरिबी, घरातली भांडणं, पालकांचं व्यसन किंवा मानसिक आजार अशा अनेक संकटांत वाढलेल्या मुलांपैकी सुमारे एक तृतीयांश मुलं सक्षम, मायाळू माणसं झाली. त्यांच्या आयुष्यात घरचं किंवा बाहेरचं निदान एक तरी माणूस भक्कमपणे पाठीशी होतं. शिवाय त्यांच्यातल्या अनेकांवर लहानपणीच धाकट्या भावंडांची किंवा घरकामाची जबाबदारी होती. आपल्यावाचून कुणाचं तरी अडतं, हे त्यांना रोज दिसत होतं.

आणि किशोरवयात पार भरकटलेल्या मुलांपैकीही बरीचशी तिशी-चाळिशीपर्यंत सावरली होती. कुणाला पुढच्या शिक्षणाची संधी मिळाली, कुणाला सैन्यातली नोकरी, तर कुणाला समजूतदार जोडीदार.