व्हायोलिन भाड्याने नेण्यापूर्वी : गोव्यातल्या इगर्जेच्या शाळेविषयी

व्हायोलिन न्यायला आलेले पालक आम्हाला हमखास विचारतात, "आधी नोटेशन कशाला? थेट एखादं गाणं बसवून घेतलं तर?" शिकवणं हे आमचं काम नाही. आम्ही वाद्यं भाड्याने देतो, दुरुस्त करतो. पण आमच्या ओळखीचे बहुतेक शिक्षक गोव्याच्या परंपरेतले आहेत आणि 'आधी कागदावरचे स्वर वाचायला शीक, मग वाजव' हा त्यांचा हट्ट फार जुना आहे. त्याचं मूळ गोव्यातल्या इगर्जेच्या, म्हणजे चर्चच्या, शाळेत सापडतं.

पोर्तुगीजांनी १५१० मध्ये गोवा शहर घेतलं. पुढे तिसवाडी, बार्देश, साष्टी या गोव्यातल्या तालुक्यांच्या गावांत इगर्जी उभ्या राहिल्या, त्यांच्यासोबत इस्कोल, म्हणजे इगर्जेची शाळाही आली. तिथे धर्मशिक्षण, लेखन-वाचन, थोडेफार हिशेब आणि संगीत शिकवत. कलावंत घडवावेत असा कुणाचाही विचार नव्हता. मिस्सा, म्हणजे इगर्जेतली सामूहिक उपासना, लॅटिनमध्ये, गायन अनेक आवाजांत, आणि गाणारे-वाजवणारे तर दर रविवारी हवेत. ते गावातच तयार करायचे, एवढाच व्यवहार.

शिकवायचा मेस्त्र, म्हणजे मास्तर. कॉयर, म्हणजे इगर्जेचा गायकवृंदही त्याच्याच हाताखाली. फेस्त म्हणजे इगर्जेचा उत्सव असो, कुणाची मयत असो की घरच्या वेदीपुढची लादाईन ही गायलेली प्रार्थना, मेस्त्र आपली पोरं घेऊन हजर. बरेच महिने पोरांच्या हाती वाद्य येतच नसे. नुसता सोल्फ : कागदावरचे स्वर दो-रे-मी असे म्हणायचे आणि हाताने ताल धरायचा. न अडखळता वाचता आलं की मग रेबेक मिळायचा. व्हायोलिनला कोकणीत रेबेक म्हणतात. हे शिक्षण प्रामुख्याने मुलांचंच होतं. मुलींच्या वाट्याला ते फार उशिरा आलं.

दुसरी बाजूही सांगायला हवी. ही शाळा नव्या ख्रिस्ती समाजाला जुन्या चालीरीतींपासून तोडण्यासाठीही होती. इन्क्विझिशनच्या, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाच्या, १७३६ च्या फर्मानाने तर लग्नातल्या ओव्यांवरही बंदी घातली. तरी लोकांनी दोन्ही सूर जपलेच. मांडो हा गोव्याचा गीतप्रकार ऐका : व्हायोलिन तिकडचं, घुमट हे मातीचं तालवाद्य इथलं, शब्द कोकणी.

पोटासाठी गोंयकार, म्हणजे गोव्याचे लोक, ब्रिटिश मुलखात निघाले तेव्हा हीच विद्या कामी आली. पोलीस बँड, लष्करी बँड, हॉटेलं, मूकपटाच्या पडद्यापुढचे वाद्यवृंद, सगळीकडे समोर ठेवलेला कागद वाचून वाजवणारा माणूस हवा असे. मुंबईच्या फिल्म स्टुडिओंनाही तोच लागला. संगीतकार चाल पेटीवर सांगायचा, अरेंजर ती कागदावर उतरवायचा आणि पुढे बसलेले व्हायोलिनवाले ती पाहताक्षणी वाजवायचे. गोव्यातल्या माजोर्ड्याचे व्हायोलिनवादक अँथनी गोन्साल्विस हे अशाच एका मेस्त्राचे चिरंजीव, आर. डी. बर्मन आणि प्यारेलाल त्यांच्याकडे शिकले. मराठी घरांत रेडिओवर वाजणाऱ्या त्या गाण्यांमागे साष्टी-बार्देशचे कितीतरी हात होते.

इस्कोल मात्र मागे पडत गेली. मुंबईच्या नोकरीला इंग्रजी हवी, म्हणून फादर लायन्स यांनी १८८७ मध्ये बार्देशातल्या हडफड्याला सेंट जोसेफ ही इंग्रजी शाळा काढली. तशा शाळा वाढत गेल्या. संगीताची व्यवस्था वेगळी होऊ लागली. १९५२ मध्ये आंतोनियो द फिगैरेदो यांनी पणजीत संगीत अकादमी सुरू केली. काही गावांत संगीताचे वर्ग आजही भरतात, पण रोजची सक्ती गेली. आमच्या मते ती सक्तीच खरी शिक्षक होती. मेस्त्रांची छडी गेली याचं दुःख अर्थातच कुणाला नाही.

तेव्हा शिक्षकांनी सुरुवातीला नुसतं वाचन करून घेतलं तर वेळ वाया जातोय असं समजू नका. तेवढे दिवस वाद्य घरी नसलं तरी चालतं. शिक्षकांनी सांगितलं की मगच न्या. नेताना मुलाला सोबत आणा, कारण पाव, अर्धा, पाऊण की पूर्ण मापाचं व्हायोलिन हे वयावर नाही, हाताच्या लांबीवर ठरतं. पावसाळ्यात सरस सुटून सांधा उघडला तर घरी फेविकॉल लावू नका, तसंच आमच्याकडे घेऊन या.