बिनशेती आहे म्हणून समुद्रालगतचा बंगला कायदेशीर होत नाही

अलिबाग, किहीम, नागाव भागात समुद्राला लागून घर विकताना एक वाक्य हमखास ऐकवलं जातं: "सातबारा बिनशेती आहे, ग्रामपंचायत घरपट्टी घेते, मग अडचण कसली?" हा समज साफ चुकीचा आहे. बिनशेती आदेशाने फक्त जमिनीचा वापर बदलतो आणि घरपट्टी हा निव्वळ कर आहे. बेकायदा बांधकामावरही तो आकारला जातो. किनाऱ्यावरच्या बांधकामाला 19 फेब्रुवारी 1991 पासून सीआरझेडचे, म्हणजे किनारा नियमन क्षेत्राचे, नियम लागू आहेत. ग्रामीण किनाऱ्यावर भरतीरेषेपासून (भरतीचं पाणी जिथवर चढतं त्या रेषेपासून) 200 मीटर हा ना-विकास पट्टा, म्हणजे तिथे नवं घर बांधता येत नाही. 2019 च्या अधिसूचनेने तो 50 मीटरवर आणला, पण फक्त दाट वस्तीच्या गावांत, चौरस किलोमीटरला 2161 पेक्षा जास्त लोक असतील तिथेच. शिवाय हे अंतर मंजूर नकाशावरच्या भरतीरेषेपासून धरतात. पाहणीच्या दिवशी पाणी कुठे होतं, याला काही अर्थ नाही.

"जुनंच घर आहे, पाडून नवं बांधा" हेही अर्धसत्य. ना-विकास पट्ट्यात अधिकृत जुन्या घराची पुनर्बांधणी करता येते, पण जोत्याचं क्षेत्र आणि चटई क्षेत्र (सगळ्या मजल्यांचं मिळून बांधकाम) वाढवता येत नाही. म्हणून 1991 आधीचा घरपट्टीचा आकारणी उतारा मागा, त्यातलं क्षेत्र आजच्या जोत्याशी ताडा. पुढे काढलेला व्हरांडा, तरणतलाव, कुंपणभिंत इथेच बहुतेक घोळ सापडतो. मूळ बांधकाम परवानगी आणि गट नंबर दाखवणारा सीआरझेड नकाशा पाहिल्याशिवाय विसार देऊ नका. हेच नियम मोडल्यामुळे किहीमचा एक आलिशान बंगला मार्च 2019 मध्ये सुरुंग लावून पाडला गेला आहे.