पेढ्याची चव गेली, ओढ नाही

गेल्या पावसाळ्यात कुडाळच्या मावशीकडून एक वेल आणून गॅलरीत लावली. गुडमार. वैद्यमंडळी तिला बेडकीचा पाला म्हणतात, संस्कृतात मधुनाशिनी. पानं अगदी साधी, जोडीजोडीने समोरासमोर येणारी. मुद्दाम थांबून बघावं असं त्यांत काही नाही. एका रविवारी दुपारी त्यातली दोन पानं मिनिटभर नीट चावली, कडू चोथा थुंकला, चूळ भरली आणि साताऱ्याचा कंदी पेढा तोंडात टाकला.

माती! म्हणजे खव्याचा स्निग्धपणा होता, भाजल्याचा खमंगपणा होता, वेलचीचा वास तर एरवीपेक्षा जास्तच जाणवला. गोडी मात्र औषधालाही नव्हती. मग चिमूटभर साखर जिभेवर ठेवली, तर दाताखाली नुसती ओली वाळू. मी शाळेत विज्ञान शिकवते. ज्ञानेंद्रियांचा धडा किती वेळा घेतला असेन, पण जिभेचं एकच बटण कुणीतरी बंद करावं आणि बाकीची चालू ठेवावीत, हे स्वतः अनुभवण्याची गंमत वेगळीच.

या पानांवरचा डेव्हिड हूपर यांचा लेख 'नेचर'मध्ये १८८७ सालीच छापून आला होता. पानातल्या ज्या द्रव्यामुळे हे घडतं त्याला जिम्नेमिक आम्ल म्हणतात. जिभेवरच्या स्वादकलिकांमधल्या काही पेशींवर गोड ओळखणारं एक ग्राही प्रथिन असतं, दोन भागांचं. त्याच्या एका भागाला हे आम्ल जाऊन चिकटतं. कुलपात काडी मोडून बसावी तसं; किल्ली बरोबर असली तरी फिरत नाही. अर्ध्यापाऊण तासाने काडी आपोआप निघते आणि जग पुन्हा गोड होतं.

आता 'गुडमार' या नावावरूनच कित्येकांना वाटतं की हा पाला पोटात गेला की खाल्लेली साखर 'मरते'. तशा जाहिरातींच्या पुड्या बाजारात आहेतच. मधुमेहाची गोळी परस्पर बंद करून त्या पुड्या खाणारे दोघेजण माझ्या ओळखीत आहेत. रक्तातली साखर जिभेला विचारून वाढत नाही. गोळीत काही बदल करायचा तर तो डॉक्टरांना विचारूनच.

पण माझी खरी फजिती पुढेच आहे. मातकट लागला म्हणून अर्धा पेढा ठेवून दिला आणि मनात म्हटलं, सापडला उपाय. साडेचारला चहा टाकला. जीभ ताळ्यावर आलेली होती. चहाला उकळी फुटायच्या आत हात डब्यात, उरलेला अर्धा आणि वर एक अख्खा. गोडाची चव जिभेवर असते हे कबूल. पण गोडाची ओढ? ती कुठे राहते?

याचं उत्तर उंदरांनी दिलं, आणि ते मला इतकं आवडतं की थोडं सविस्तर सांगते. काही उंदरांमध्ये गोड चव कळवणारी यंत्रणा जनुकीय बदल करून बंद करता येते. अशा उंदराला साखरेचं पाणी आणि साधं पाणी चवीला सारखंच. २००८ साली अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठातल्या संशोधकांनी दाखवलं की असे उंदीरसुद्धा काही काळाने साखरेच्या पाण्याकडेच वळतात. गोडी कळत नाही, तरी गोडाकडे जातात! मग २०२० मध्ये कोलंबिया विद्यापीठातल्या चार्ल्स झुकर यांच्या प्रयोगशाळेने नेमका प्रश्न विचारला. पिंजऱ्यात दोन बाटल्या. एकीत साखर, दुसरीत डाएट शीतपेयांत वापरतात तसला कृत्रिम गोडवा. सुरुवातीला उंदीर दोन्ही बाटल्या सारख्याच पितात. दोन दिवसांत मात्र कृत्रिम गोडव्याची बाटली जवळपास तशीच पडून राहते. चव न कळणारे उंदीरही तेच करतात.

म्हणजे जिभेच्या पलीकडे कुठेतरी कुणीतरी साखर मोजतंय. शोध घेतल्यावर तो पहारेकरी लहान आतड्यात सापडला. तिथून मेंदूपर्यंत व्हेगस नावाची लांबलचक चेता जाते. साखर थेट आतड्यात सोडली, तोंडाला लागूही दिली नाही, तरी मेंदूच्या तळाशी, मस्तिष्कस्तंभात, ठरावीक पेशींचा एक पुंजका जागा होतो. व्हेगस तोडली की पुंजका गप्प. त्या पेशींचा आवाज बंद केला, तर उंदीर साखर आणि नकली साखर यांत फरक करायला शिकतच नाही.

आणि साखर ओळखणारं दार कोणतं? एसजीएलटी-१, पेशीच्या पटलात बसलेलं एक प्रथिन. इथे जरा धीर धरा, कारण हे दार म्हणजे जीवशास्त्रातली माझी सर्वांत लाडकी वस्तू आहे. आतड्याच्या पेशीत ग्लुकोजचा रेणू या दारातून एकटा जात नाही, सोबत सोडियमचे दोन आयन लागतात. पेशी आतला सोडियम सतत बाहेर उपसत असते, म्हणून बाहेर त्याची गर्दी आणि आत तुटवडा. सोडियम उतारावरून आत घसरतो आणि ग्लुकोजला हाताला धरून ओढून नेतो, अगदी आत ग्लुकोज आधीच भरपूर असलं तरी. ही कल्पना जीवरसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट क्रेन यांनी १९६० मध्ये प्राग इथल्या परिषदेत मांडली. जुलाब झालेल्या मुलाला आपण मीठ-साखर-पाणी देतो ते याच दाराच्या भरवशावर. मीठ आणि साखर बरोबर आत जातात, मागोमाग पाणी. १९७१ मध्ये बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगावच्या छावणीत कॉलरा पसरला, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी हेच पाणी पिंपांतून वाटून असंख्य जीव वाचवले.

तर हेच दार आतड्यातल्या संवेदक पेशींवरही असतं. सोडियमच्या दोन आयनांबरोबर दोन धनभार आत येतात, पेशीच्या पटलावरचा विद्युतदाब बदलतो, पेशी रासायनिक निरोप सोडते, व्हेगस तो उचलते. गंमत म्हणजे ग्लुकोजसारखा दिसणारा, या दारातून जाणारा, पण शरीरात जळून ऊर्जा न देणारा रेणू दिला तरी उंदरांना त्याची ओढ लागते. याउलट फळातली साखर, फ्रुक्टोज, या दाराने जात नाही आणि तो पुंजकाही जागा करत नाही. म्हणजे हिशेब कॅलरींचा नाही, दाराच्या कडीचा आहे. कडी वाजली की मेंदू नोंद करतो: आत्ता जे खाल्लं, ते पुन्हा शोध.

(इथवर आलेल्यांचे आभार. दार सोडून आलात तरी चालेल, कडी लक्षात ठेवा.)

आता 'मी तर गोड खातच नाही' म्हणणाऱ्यांकडे वळू. पोळीचा तुकडा बराच वेळ चावत राहिलं की गोड लागतो, हा प्रयोग शाळेत सगळ्यांनी केलेला असतो. स्टार्च म्हणजे ग्लुकोजचीच माळ. लाळेतलं विकर ती तोडायला सुरुवात करतं, पुढचं काम लहान आतड्यात होतं. दाण्याला कोंडा असेल, पीठ भरड असेल, तर माळ तुटायला वेळ लागतो. मैद्याचा पाव, खारी, पांढरा भात किंवा साबुदाणा यांत अडवणारं फारसं काही उरलेलंच नसतं. साबुदाणा म्हणजे तर कंदातून धुऊन काढलेलं जवळजवळ शुद्ध स्टार्च. जिभेला खारी खारट लागते, आतड्याला ती ग्लुकोजच वाटते, आणि कडी वाजते ती वाजतेच. त्यात तूप किंवा शेंगदाण्याचं कूट आलं की आणखी भर. येल विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१८ मध्ये लोकांना सारख्याच कॅलरींचे पदार्थ दाखवून कशासाठी किती पैसे मोजाल ते विचारलं. स्निग्ध आणि पिष्टमय दोन्ही असलेल्या पदार्थांसाठी लोक जास्त पैसे मोजायला तयार होते. 'एकादशी अन् दुप्पट खाशी' ही म्हण उगाच पडलेली नाही.

शिवाय असं भराभर चढलेलं ग्लुकोज काही जणांत तितक्याच भराभर उतरतं, कधी जेवणाआधीच्या पातळीच्याही खाली. २०२१ मध्ये हजारावर लोकांच्या रक्तातली साखर सतत मोजणाऱ्या एका अभ्यासात दिसलं की खाल्ल्यावर दोन-तीन तासांनी ज्यांची पातळी अशी खाली जाते, त्यांना लवकर भूक लागते आणि ते दिवसभरात जास्त खातात. दहाला पावाचा नाश्ता आणि साडेबाराला कासावीस, ही तक्रार आमच्या शिक्षक खोलीत रोजची आहे.

मग साडेचारचा पेढा? तेव्हा तर पोटात दुपारचं जेवण होतं. इथे डोपामिन येतं, म्हणजे मेंदूतल्या पेशींचे निरोप नेणारं एक द्रव्य, आणि डोपामिनवर हल्ली इतकं भंपक लिहिलं जातं की शब्द वापरायलाच संकोच वाटतो. मेंदूशास्त्रज्ञ वोल्फ्राम शुल्ट्झ यांनी माकडांवर केलेले प्रयोग मुळातून पाहावेत असे आहेत. अनपेक्षितपणे रस मिळाला की माकडाच्या डोपामिन पेशी उसळतात. रसाआधी दर वेळी खूण दिसत गेली की उसळी रसावरून सरकून खुणेवर येते, आणि रस मिळताना काहीच होत नाही. खूण दिसूनही रस आला नाही, तर पेशी नेहमीपेक्षाही गप्प होतात. आमच्या घरी खूण म्हणजे गॅसवर ठेवलेलं चहाचं पातेलं. पेढा खाण्याआधीच हिशेब उघडलेला असतो, आणि पेढा न मिळणं हा तोटा म्हणून लिहिला जातो. आठवडाभर 'डोपामिन उपवास' करून, म्हणजे मोबाइल, गोडधोड असली सुखं बंद ठेवून, हे पुसलं जातं असं सांगणाऱ्यांनी डोपामिनशिवाय उंदराचं काय होतं ते एकदा वाचावं. तो समोरचं अन्नही खायला उठत नाही.

आणि गेल्या वर्षीची, फेब्रुवारी २०२५ची बातमी तर पंगतीत वाचून दाखवावी अशी. कोलोनच्या माक्स प्लांक संस्थेतल्या संशोधकांनी पाहिलं की 'पोट भरलं' हे सांगणाऱ्या मेंदूतल्या पेशीच, साखर समोर आली की, दुसरीकडे बीटा-एन्डॉर्फिन सोडतात. हे शरीरातलं स्वतःचं अफूसारखं द्रव्य. पेशी एकच प्रथिन बनवते. त्याचे तुकडे केले की एक तुकडा 'बस' म्हणतो आणि दुसरा 'थोडं गोड?' म्हणतो. तो मार्ग बंद केला तेव्हा पोट भरलेल्या उंदरांनी साखरेला तोंड लावलं नाही, भुकेल्या उंदरांना मात्र काही फरक पडला नाही. जेवण झाल्यावर 'आता कणभरही नको' म्हणणारा माणूस श्रीखंडाची वाटी पुढे सरकवतो, त्याला खोटारडा म्हणू नये.

'शरीर मागतंय म्हणजे त्याला गरज आहे' हे मात्र पूर्ण चूक. आमची आजी म्हणायची, डोहाळे पुरवले नाहीत तर बाळाचा कान फुटतो. मध्यकर्णाचा संसर्ग जंतूंमुळे होतो, न मिळालेल्या जिलबीमुळे नाही. हल्ली हीच समजूत नवे कपडे घालून येते: चॉकलेट हवंसं वाटतंय म्हणजे मॅग्नेशियम कमी आहे. तसं असतं तर लोकांना मेथी-पालकाची स्वप्नं पडली असती. गूळही मुख्यतः सुक्रोजच, साखरेचा सावळा भाऊ.

मग करायचं काय? जागतिक आरोग्य संघटना म्हणते, वरून घातलेली साखर दिवसाला साधारण २५ ग्रॅमच्या आत ठेवता आली तर उत्तम. सपाट चमचा म्हणजे चार ग्रॅम. दोन चमच्यांचे तीन चहा झाले की २४ झालेच, पेढा अजून डब्यातच आहे. मी चहातली साखर दर पंधरा दिवसांनी पाव चमचा कमी करत अर्ध्यावर आणली. आता शेजारचा चहा गुळवण्यासारखा लागतो. आणि पेढ्याचा डबा चहाच्या ओट्यावरून उचलून माळ्यावर ठेवला, स्टुलाशिवाय हात पोचू नये म्हणून. खूण मोडायची ती अशी. ऊर्मी आलीच तर पंधरा मिनिटं भरभर चालून यायचं. ब्रिटनमध्ये चॉकलेटप्रेमींवर हा प्रयोग झालेला आहे, आणि चालून आल्यावर त्यांची ऊर्मी कमी झालेली आढळली. चालताना स्नायू रक्तातलं ग्लुकोज इन्सुलिनची फारशी वाट न पाहता उचलतात, हा वरचा नफा. अपुरी झोप हा मोठा शत्रू. शिकागोत बारा तरुणांना दोन रात्री चारच तास झोपू दिलं, तर भूक वाढवणारं संप्रेरक २८ टक्क्यांनी वाढलं आणि पिष्टमय, गोड पदार्थांची इच्छाही वाढली.

सर्वांत सोपा उपाय जेवणाच्या क्रमाचा. न्यूयॉर्कच्या डॉ. अल्पना शुक्ला आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये अकरा मधुमेहींना तेच जेवण दोन क्रमांनी दिलं. भाजी-प्रथिनं आधी आणि पाव शेवटी खाल्ला, तेव्हा तासाभरानंतरची रक्तातली साखर ३७ टक्क्यांनी कमी भरली. अभ्यास छोटा आहे, पण खर्च शून्य. आपल्याकडे पहिला घास वरणभाताचा, त्यामुळे हे घरात गळी उतरवणं अवघड जाईल असं मी धरून चालले होते. मावशी राहायला आली तेव्हा तिला म्हटलं, आधी कोशिंबीर संपव, भात मग.

"अगं, मग पानात आधी डावी बाजू वाढतात ती कशाला?" ती म्हणाली, आणि काकडीची कोशिंबीर संपवून पेढ्याचा डबा कुठे ठेवलाय ते विचारायला लागली.