यादीतल्या याद्या सपाट करताना

जावास्क्रिप्ट या वेब पानांच्या प्रोग्रॅमिंग भाषेत ओळीने मांडलेल्या मूल्यांना ॲरे म्हणतात. ॲरेत आकडे बसतात, शब्द बसतात आणि अख्खे दुसरे ॲरेही बसतात, डब्यात डबा ठेवावा तसे. हे आतले डबे बरेचदा आपणच नकळत तयार करतो.

समजा, मजकुराच्या तीन ओळी आहेत: "पाऊस आला", मग एक रिकामी ओळ, मग "छत्री कुठंय". यातल्या शब्दांची एकच यादी हवी आहे. मॅप ही ॲरेची मेथड, म्हणजे ॲरेसोबतच मिळणारी क्रिया, प्रत्येक घटकावर आपण दिलेलं फंक्शन, म्हणजे ठरावीक काम, चालवते. ती वापरून प्रत्येक ओळ मोकळ्या जागेपाशी तोडली, तर हाती येतं ते असं:

[["पाऊस", "आला"], [""], ["छत्री", "कुठंय"]]

मॅपचा नियम कडक आहे: जितके घटक आत, तितकेच बाहेर. तीन ओळी दिल्या, तीनच उत्तरं मिळाली, आणि प्रत्येक उत्तर स्वतःच एक ॲरे. यावर फ्लॅट ही दुसरी मेथड चालवली की मधल्या भिंती पडतात आणि पाच घटकांची सरळ यादी उरते. पाच, कारण रिकाम्या ओळीतून आलेला रिकामा शब्दही त्यात मुकाट्याने बसलेला असतो.

फ्लॅट काही न सांगता फक्त एक थर उघडतो. [१, [२, [३]]] याचं [१, २, [३]] होतं, शेवटचा ३ कोंडलेलाच राहतो. आणखी आत जायचं तर किती थर ते आकड्यात सांगावं लागतं. सगळेच उघडायचे असतील, तर त्या जागी इन्फिनिटी, म्हणजे अनंत, लिहायचं.

मॅप करून लगेच एक थर सपाट करणं इतकं नेहमीचं आहे, की त्यासाठी फ्लॅटमॅप नावाची जोडमेथड आहे. तिची खरी गंमत वेळ वाचवण्यात नाही. ओळ रिकामी असेल तर फंक्शनमधून रिकामा ॲरे परत द्यायचा. सपाट करताना त्यातून काहीच बाहेर पडत नाही आणि ती ओळ निकालातून गायब होते. एका घटकाचे शून्य, एक किंवा दहा घटक करता येतात. मॅपला हे कधीच जमत नाही.

मॅपचा आणखी एक स्वभाव नवख्यांना चकवतो. मजकूर म्हणून तीनदा लिहिलेला दहा हा आकडा घ्या आणि मॅपला नुसतं पार्सइंट, म्हणजे मजकुराचा पूर्णांक करणारं फंक्शन, द्या. उत्तर येतं: दहा, मग "ही संख्या नाही", मग दोन! मॅप फंक्शनच्या हाती घटकासोबत त्याचा शून्यापासून मोजलेला क्रमांकही देतो, आणि पार्सइंट त्या क्रमांकाला अंकपद्धतीचा पाया समजतं. शून्य म्हणजे नेहमीची दशमान पद्धत. पाया एक चालतच नाही. पाया दोन, म्हणजे द्विमान, आणि तिथे एकावर शून्य म्हणजे दोनच.

मॅप २००९ च्या ईसीएमएस्क्रिप्ट ५ मध्ये, म्हणजे जावास्क्रिप्टच्या प्रमाणाच्या पाचव्या आवृत्तीत, प्रमाणित झाला, फ्लॅट आणि फ्लॅटमॅप थेट २०१९ मध्ये. मधली दहा वर्षं लोक रिड्यूस (घटक एकेक घेत एकच निकाल गोळा करणारी मेथड) आणि कॉन्कॅट (दोन ॲरे जोडणारी मेथड) जोडून काम भागवत. त्यात दर पायरीला नवा ॲरे बनतो आणि आधीचं सगळं पुन्हा त्यात उतरवलं जातं. यादी दुप्पट झाली की मेहनत साधारण चौपट. छोट्या यादीत कळत नाही, मोठीत पान अडखळू लागतं.

फ्लॅटचं ठरलेलं नाव खरं तर फ्लॅटन होतं. मार्च २०१८ मध्ये फायरफॉक्सच्या चाचणी आवृत्तीत ते आलं आणि मूटूल्स ही जुनी लायब्ररी, म्हणजे तयार कोडचा संच, वापरणारी एक साइट मोडली. मूटूल्स स्वतःचं फ्लॅटन सगळ्या ॲरेंच्या सामायिक साच्यावर बसवायची, मग तो साचा चाळून त्यातल्या मेथड पानावरच्या घटकांच्या यादीसाठी उतरवून घ्यायची. पण ब्राउझरच्या मूळच्या मेथड अशा चाळणीत दिसत नाहीत, आणि त्यांच्या जागी दुसरं काही बसवलं तरी तो अदृश्यपणा जात नाही. त्यामुळे उतरवून घेताना फ्लॅटन नेमकं सुटलं.

या मेथडचा प्रस्ताव मांडणाऱ्या मायकेल फिकारा यांनी थट्टेत स्मूश असं नाव सुचवलं. काहींना ते खरंच वाटलं आणि बराच गदारोळ झाला. मोडलेली साइट मोडू द्या, असं म्हणणारेही होते, पण जुनी पानं चालत राहिली पाहिजेत हा भाषेचा दंडक मला तरी रास्त वाटतो. ज्यांची पानं मोडतात ते बहुधा असल्या चर्चेत नसतातच. मे २०१८ मध्ये भाषेचं प्रमाण ठरवणाऱ्या समितीने फ्लॅट हे नाव पक्कं केलं. फ्लॅटमॅपची मूटूल्सशी टक्कर नव्हती, त्यामुळे ते नाव तसंच राहिलं.